चुन्याचा ठिपका

देवमन सुताराचे हात थरथरू लागले, तेव्हा लेकरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल त्यानं पहिल्यांदाच सुनेला रंगवायला दिला. तिनं जीव ओतून झूल काढली, शिंगं रंगवली, नव्या पैशाएवढे डोळे काढले. सासऱ्यानं बैल उजेडात फिरवून पाहिला. "झूल बरी जमली. पण डोये मेल्यावानी दिसून राहिले," एवढं बोलून तो बाहेर गेला. सुनेचा चेहरा उतरला. असला बैल बाजारात गेला तर घराचं नाव बुडेल, म्हणून तिनं तो चुलीत सारला आणि भाकरी थापायला बसली. थोड्या वेळानं देवमन चुन्यात बुडवलेली काडी घेऊन परतला. "कुठी हाय तो? डोयात ठिपका देला का बैल पाहाले लागते. तो इकाचा नाई, पोरी. पयला बैल घरच्या देवापाशी ठेवतेत." तिनं चुलीकडे पाहिलं. तव्यावरची भाकर टम्म फुगली होती.