पाहुण्यांसाठी स्क्रीन

हिंदी मुलखातल्या दूधविनायक मोहल्ल्याच्या मराठी मंडळानं यंदा नाटकाच्या वेळी रंगमंचावर हिंदी भाषांतराचा स्क्रीन लावला. दिग्दर्शक यज्ञेश म्हणाला, "दोन-चार हिंदी पाहुणे येतात, त्यांच्यासाठी."

पहिल्या अंकात मुख्य भूमिकेतल्या सुमंतकाकांनी तोंड उघडायच्या आधीच सगळं सभागृह स्क्रीन वाचून हसत होतं. मध्यंतरात काका कडाडले, "बंद करा तो डबा! दोन पाहुण्यांसाठी माझ्या वाक्यांचा जीव घेताय."

यज्ञेशनं स्क्रीन बंद केला. दुसऱ्या अंकात काकांनी हमखास हशा पिकवणारं वाक्य नेमका पॉज घेऊन टाकलं. सभागृह ढिम्म. पहिल्या रांगेतून त्यांच्या नातीचा आवाज आला, "मम्मी, आजोबा क्या बोले?"

काकांच्या मुलीनं तिला दटावलं, "चुप! स्क्रीन आने दे, फिर बताती हूँ."