कपाची परीक्षा

लेक सोमवारपासून पुन्हा कामावर जाणार होती आणि तिची अट एकच होती. “बाबा, ढमीला न सांडता दूध पाजता आलं, तर ती तुमच्याजवळ राहील. नाहीतर पाळणाघर.” आता दीड वर्षाच्या नातीशिवाय दिवस काढायचा म्हणजे आजोबांना शिक्षाच. म्हणून ते लेकीला घेऊन लहान मुलांच्या दुकानात आले आणि जावई पारखावा तसा एकेक कप पारखू लागले. विक्रेत्याने हौसेने कपांत पाणी भरून दिलं. पहिला, बदकाच्या चोचीचा, ‘कधीच न गळणारा’ कप आजोबांच्या हातात येताच गळू लागला. दुसऱ्याने विक्रेत्याच्या शर्टावर नक्षी काढली. लेकीने मोबाइलमध्ये पाळणाघराचा नंबर शोधला.

तिसरा कप दोन कानांचा, घट्ट झाकणाचा होता. आजोबांनी श्वास रोखून तो उचलला. उभा धरला, आडवा धरला, शेवटी चक्क उलटा धरला. एक थेंब खाली येईल तर शपथ!

लेकीने मोबाइल पर्समध्ये टाकला. “हाच द्या. ढमी घरीच राहील.”

आजोबांचा जीव भांड्यात पडला.

विक्रेता शर्ट पुसत हसला. “आजोबा, झाला की तुमचा कप पास! आता तरी हलवायचं थांबा.”

“अहो, मी कुठं हलवतोय?” आजोबा खुशीत म्हणाले. “मी नुसता धरलाय.”