भातातला आचारी

धाकटी महामाया दहावीला गणितात नापास झाली, तशी धुरपताबाई किनवटहून तडक नांदेडला थोरल्या लेकीच्या, धम्मप्रियाच्या प्रयोगशाळेत आली. गणित पोरीच्या डोक्यातच नाही, असा शिक्का हेडमास्तरनं मारला होता.

"उद्यापासून माझ्यासंगं हळदीच्या कामाला नेते तिला."

धम्मप्रिया वाद घालत बसली नाही. तिनं एक पिवळीधम्मक बाटली आईपुढं धरली.

"हळद कालवली व्हय गं?"

"न्हाई. जंतूंनी रंग केला. त्यांच्यात भातातला एन्झाइम घातलाय."

"त्यो काय असतो?"

"झाडाच्या पोटातला आचारी. हळदीतला एक पिवळा रंग करणारा आचारी भातातबी सापडलाय, आई."

"आन् भात तर पांढराच की!" धुरपताबाई खळखळून हसली. "आचारी झोपला व्हता का मंग?"

"त्याला शिधाच मिळत नसंल तिथं. हितं आम्ही दिला, त्यानं रांधलं."

धुरपताबाईनं बाटली खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघितली. हसू कुठल्या कुठं गेलं.

"धम्मे, महामायाच्या शाळंत सालभर गणिताचा मास्तरच नव्हता."