न पोचलेलं पत्र

“मॉजरांच्या घराची पायरी चढायची नाही, युनिस. त्या डाकवाल्यानं आपली चुगली लिहिली होती.”

असं बजावणारी आई जाऊन कैक वर्षं झाली. जर्सी बेटावरच्या त्याच घरात युनिस व्हिबर्ट नव्वदीची झाली, पण शेजारच्या मर्ल मॉजरशी एक शब्द बोलली नाही. रोज सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आम्ही क्षमा करतो’ इथे मात्र तिचा आवाज अडखळे.

दुसऱ्या महायुद्धात बेट जर्मनांच्या ताब्यात होतं. रेडिओ सापडला की माणूस तुरुंगात. व्हिबर्टांचा रेडिओ गवताच्या गंजीत होता. डाकघरात मर्लच्या वडिलांच्या, हेडलीच्या हातात आईने एक उघडं पत्र पाहिलं. वर जर्मन कमांडंटचं नाव, खाली ‘व्हिबर्टांकडे रेडिओ’. आई दिसताच हेडलीने ते घाईने कोटात कोंबलं. झडती कधी आलीच नाही. “देवानं वाचवलं,” आई म्हणे.

आता अभिलेखागाराने त्या काळचे कागद इंटरनेटवर टाकले होते. भाची जोसलिन टॅबलेट घेऊन बसली होती.

“शोध ते पत्र,” युनिस म्हणाली. “आईचं खोटं ठरलं, तर मी स्वतः मर्लची माफी मागीन. देवाशपथ.”

“आत्या, सापडलं! पण अक्षर हेडलीचं नाही. त्याची चिठ्ठी वेगळी जोडलीय.” जोसलिन वाचू लागली. “‘अशी पत्रं आम्ही डाकघरात वाफेवर उघडायचो आणि जाळायचो. हे एवढं जाळायचं राहिलं. लिहिणारे आपलेच शेजारी, म्हणून कुणाजवळ बोललो नाही.’”

युनिसने चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

“कागद दिले कुणी?”

“मर्लनं. गेल्या वर्षी.”

“वर्षभर गप्प बसली? सांगायला काय झालं होतं तिला?”

“कुणाला सांगणार, आत्या? तू तर तिला बघून रस्ता बदलतेस.”

युनिस उठली. डोक्याला रुमाल बांधला.

“थांब, केक तरी ने सोबत.”

“आधी माफी. केकचं मग बघू.”

मॉजरांच्या फाटकाची कडी कुठल्या बाजूला सरकते, हे तिला ठाऊक नव्हतं. ती चाचपडत राहिली. मग कडी सरकली.