काखेतली पंगत

"ही कंपनी म्हणजे आपलं कुटुंब. एकालाही कामावरून काढणार नाही!" मालकांनी दोन्ही हात उंचावून शब्द दिला आणि पुढे बसलेल्या वसुधाबाईंचं नाक सवयीने त्यांच्या काखेकडे वळलं. डिओ बनवणाऱ्या त्या कंपनीत लोकांच्या काखा हुंगून माल पास करायचा, हीच बाईंची नोकरी होती.

उकाड्याचा घाम बाईंच्या ओळखीचा होता. हा तो नव्हे. माणूस आतून टरकला की काखेत वेगळाच घाम सुटतो आणि कातडीवरचे जंतू त्यावर फुकट्या पाहुण्यांसारखे तुटून पडतात. मालकांच्या काखेत पंगत ऐन रंगात आली होती. चेहरा मात्र सत्यनारायणाला बसल्यासारखा.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी संध्याकाळीच दुसरीकडे अर्ज टाकला.

पुढच्याच महिन्यात निम्म्या कुटुंबाच्या हातात नारळ पडला. बाई मात्र नवी नोकरी पक्की करून, स्वतःच राजीनामा घेऊन आल्या.

"तुम्हाला आधीच कसं कळलं?" मालक चिडले.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही आपलाच डिओ लावला होता," बाई नाकाला पदर लावत म्हणाल्या. "तो भाषण संपेपर्यंतही टिकला नाही. म्हटलं, शब्द किती टिकणार?"