वाडग्यातली साय

"या वेळी रक्तातली चरबी वाढलेली निघाली, तर दुकान बंद. किल्ली माझ्याकडे द्यायची," बायकोने बजावलं.

घड्याळजींनी घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची किल्ली खिशात खोल सारली. डायबेटिस दोघांनाही, पण पहारा एकट्या त्यांच्यावर. त्यांच्या दुधावरची साय ती काढून घ्यायची, अंड्यातला बलक काढायची, कोंबडीची कातडी सोलायची. आणि त्यांच्यासमोरच ते सगळं स्वतःच्या तोंडात टाकायची. "मला बाई अन्न फेकवत नाही." घरात त्यांचा जीव नुसता घुसमटायचा. दुकानातले चार तास तेवढे त्यांचे. ते, आणि खणातली लोण्याची बिस्किटं.

सकाळीच लॅबमधल्या ताई आल्या. दोघांचं रक्त घेतलं, दोन नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि हात धुवायला आत गेल्या. बायको टॉवेल घेऊन मागोमाग गेली. दोघी परत आल्या तेव्हा घड्याळजी हातावरचा कापूस दाबत निमूट बसले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले.

"बाईंचा उत्तम आहे. तुमचं मात्र अवघड आहे, घड्याळजी. ट्रायग्लिसराइड्स सहाशेच्या वर, कोलेस्टेरॉलही चढलंय. डायबेटिस असताना हे थेट हृदयावर येतं. गोळी आजपासून सुरू करायची, हयगय नको."

घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी इथे जिवाचं रान करते आणि तुम्ही बाहेर शेण खाता?" बायकोने हात पुढे केला. "किल्ली."

त्यांनी मुकाट्याने किल्ली दिली. एवढ्या सहज मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

घराच्या जिन्यावर ती मधेच कठडा धरून थांबली.

"दम लागतो तुला?" त्यांनी विचारलं. "कधीपासून?"

"मला काय धाड भरलीय? रिपोर्ट ऐकलात ना माझा?"

घरात येताच तिने त्यांच्यासमोर गोळी आणि पाणी ठेवलं. मग त्यांच्या दुधावरची साय वाडग्यात काढली आणि चमचा हातात घेतला.

घड्याळजींनी गोळी तिच्याकडे सरकवली. "ही तू घे."

"डोकं फिरलंय का तुमचं? आजार तुमचा आणि गोळी मी घेऊ?"

त्यांना खूप भीती वाटत होती. आता बोललो तर या लबाडीपायी ही किल्ली जन्मात परत मिळणार नाही, हेही कळत होतं. त्यांनी तिच्या हातातून वाडगा काढून घेतला.

"काल नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या," ते म्हणाले.