आठवा क्रूस

आमच्या गावात मेलेला माणूस आपल्या थडग्यावरच्या लाकडी क्रुसावरून स्वतः बोलतो. ते बोल तोआदेर सुतार कोरतो. सरपंचाच्या बापाचा निळा क्रूस मात्र तीन दिवस कोराच होता. “अडलंय कुठे?” सरपंच खेकसला. “तुमचे वडील माझ्या आतून बोलेनात.” “हे कोर!” सरपंचाने कागद आपटला: कष्टाळू, दानशूर, देवभोळा. तोआदेरने नाक मुरडलं. असल्याच कागदांवरून त्याने सात क्रूस कोरले होते. सातही मेलेले एकाच तोंडाने खोटं बोलत उभे होते. त्याला स्वतःचीच किळस यायची. हा म्हातारा तर पाद्र्याचीच दारू चोरून पाद्र्यालाच पाजणारा! “मुकाट्याने कोर, नाहीतर गावातलं काम बंद!” तोआदेरने कागद सरपंचाच्याच खिशात कोंबला. “हा आवाज तुमचा, साहेब. जपून ठेवा, तुमच्या क्रुसाला लागेल.” सरपंच तणतणत गेला. तोआदेरच्या आत म्हातारा खदखदून हसला. छिन्नी चालू लागली.